दातवाल्याची बोट

सोमवार, ४ मार्च

कातकामाचं लेथ विकणार. ठरलं.

थोरल्याला सकाळी सांगितलं, त्याच्या हातात गरम चहाचा कप असताना. मुद्दाम. हातात गरम कप असला की माणसाला हातवारे करता येत नाहीत. तो म्हणाला, "बाबांचं लेथ?" मी म्हटलं, "बाबांचं होतं, मग माझं झालं, तुझं अजून झालेलं नाही." कप तसाच ठेवून जिना उतरून खाली वर्कशॉपमध्ये गेला. दार आपटलं नाही. हाच त्याचा वाईट गुण — आपटत नाही, ओरडत नाही, तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. भांडणाऱ्याशी भांडता येतं. याच्याशी काय करायचं?

लेथ विकून बोट घेणार, हेही सांगितलं. कुठली ते नाही सांगितलं. एकदम सगळं ओतायचं नसतं.

बुधवार, ६ मार्च

सांगून टाकलं. सून भांडी पुसत होती, थोरला जेवत होता.

बोटींच्या तळावर दातांच्या डॉक्टरची एक बोट उभी आहे, पिवळ्या पट्ट्याची, टोकदार नाकाची, पाण्यावर सुसाट पळवायची असते तसली. दोन उन्हाळे हललेली नाही. विकायची पाटी लावलीय. ती.

सून म्हणाली, "अहो आई, ती पोरासोरांची बोट. तिच्यात बसायचं कसं, आडवं पडल्यासारखं."

"मग आडवी पडून जाईन."

थोरला म्हणाला, "तुझे गुडघे." या घरात माझ्यापेक्षा माझ्या गुडघ्यांची चौकशी जास्त होते.

वहीशी तरी सरळ बोलावं. मला हौस म्हणून बोट नको. तळ्यापलीकडे धाकटी राहते. तीन वर्षं झाली, मी माझ्या मुलीचं तोंड पाहिलेलं नाही. ती तिकडे राहायला गेली आणि त्याच महिन्यात फेरीबोट बंद पडली. रस्त्याने जायचं तर सगळ्या तळ्याला वळसा, तीन बस. थोरला महिन्यातून एकदा वर्कशॉपच्या बोटीने पलीकडे जातो, तिकडच्या लोकांची इंजिनं बघायला. मला एकदाही नेलेलं नाही. कधी लाट असते, कधी सामानाने जागा उरत नाही, कधी हे मेले गुडघे. किल्ली त्याच्या खिशात. मागितली तर म्हणतो, "राहू दे ना आई."

बहीण त्याला नको आहे, दुसरं काय. "वर्कशॉपमध्ये तिचाही अर्धा वाटा आहे," असं मी एकदा बोलून बसले. तेव्हापासून हा तिला पाण्यात पाहतो आणि मला काठावर बसवतो.

माझी बोट, माझी किल्ली. मग बघू.

गुरुवार, ७ मार्च

लेथ गेलं. न्यायला चार माणसं आली. थोरला नेमका त्याच वेळी कुठेतरी बाहेर. खालच्या फरशीवर चार पायांचे चार डाग राहिले. सोडा टाकून घासले, निघाले नाहीत. जाऊ दे.

रविवार, १० मार्च

दातवाल्याकडे जाऊन आले. वेळ ठरवून गेले होते. तीच चूक.

माणूस असा गोड की मुंग्या लागाव्यात. "या आजी, सावकाश, इथे पाय ठेवा." मला वाटलं आता तोंड उघडायला सांगतो. "कोणासाठी बघताय? नातवासाठी?" मी म्हटलं, "मला नातू नाही. मला चालवायचीय." हसला. दात मात्र स्वतःचे छान ठेवलेत.

बोटीबद्दल त्याला काडीचं ठाऊक नाही. कापड बघा, म्हणे. आवाज ऐका, म्हणे, गाण्यांचा. मी मागचा बाक उचलला आणि इंजिनावर हात ठेवला.

कोमट.

"डॉक्टर, हे आज चालवलंत का?"

"छे हो. तुमच्यासाठीच थांबलो. उन्हाने तापलं असेल."

बोट पत्र्याच्या शेडमध्ये, नाक भिंतीकडे. ऊन तिथे पोचायचं तर पत्ता विचारत यावं लागेल. त्याने किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. "बघा," म्हणाला. बघितलं. ज्याचं इंजिन थंड असताना कुरकुरतं तो माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास ते तापवून ठेवतो. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत. याला वाटलं, म्हातारीला कुठलं कळतंय.

छान आहे म्हटलं. त्याच्या कुत्र्याला खिशातलं बिस्किट दिलं आणि आले. कुत्रं गुणी आहे. त्याने खोटं सांगितलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

आज न सांगता गेले, सकाळी सातला. तळावरचा पहारेकरी जुना ओळखीचा. यांच्या वेळेपासूनचा — हे असताना त्याच्या होडीचं इंजिन आम्हीच बघायचो. मला अजून वहिनी म्हणतो. त्याच्यासाठी डब्यात गरम सूप नेलं होतं. त्याने फाटक उघडलं आणि डॉक्टरला फोन लावला, "वहिनी आल्यात, बोट बघायला." डॉक्टर वीस मिनिटांत हजर, केस विस्कटलेले, बूट एका रंगाचे नि मोजे दोन रंगांचे.

"आजी, अहो आधी कळवायचं."

"कळवलं असतं तर तुम्ही पुन्हा उन्हात ठेवली असती."

पहारेकऱ्याने सूप प्यायच्या निमित्ताने तोंड डब्यात घातलं.

इंजिन थंडगार. किल्ली फिरवली. नाही. दुसऱ्यांदा नाही. पाचव्यांदा शिंकलं, सहाव्यांदा सुरू झालं आणि काळा धूर इतका की शेडमधली कबुतरं उठून गेली. मला आतून हायसं वाटलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. हवेची झडप अडकलीय, आणि टाकीत दोन वर्षांचं शिळं पेट्रोल. अर्ध्या दिवसाचं काम. पण तोंड मी असं केलं की जणू कोणाला तरी पोचवून आलेय.

मग बाकीचं. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने सगळं बूड ठोकत गेले, वीतभर, वीतभर. चांगलं फायबर ठणठण बोलतं. आत पाणी शिरून लाकूड कुजलं असेल तर भद्द वाजतं. पुढे चांगलं. मागची फळी, जिच्यावर सगळा भार, तीही चांगली. चालकाच्या बाकाखाली मात्र हातभर जागेत भद्द. डॉक्टर म्हणाला, "हे असं काय करताय?" मी म्हटलं, "तुम्ही नाही का दातावर ठोकून बघत?" तेव्हा प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं त्याने.

खालच्या गिअरचं तेल काढून बघितलं. काळं, पण स्वच्छ. दुधाळ असतं तर आत पाणी आहे म्हणून तिथूनच परत फिरले असते.

डॉक्टर पहिल्या आकड्यावरून पुष्कळ खाली आला. अजून येईल.

बुधवार, १३ मार्च

कंबर धरली. सुनेने न सांगता गरम पाण्याची पिशवी आणून दिली. घेतली. आभार मानले नाहीत.

शनिवार, १६ मार्च

अंगाची लाही लाही झालीय.

डॉक्टरचा फोन. आवाजातला मध आटलेला. "आजी, माझ्या मनात द्यायची आहे, पण तुमच्या मुलाचा फोन आला होता. म्हणाले, घरच्यांची संमती नाही. म्हणाले, तुमचं वय..." पुढचं त्याने गिळलं.

खाली गेले. थोरला कोणाचं तरी इंजिन उघडून बसला होता. मी विचारलं, "माझं वय किती रे?"

हात पुसायला लागला. एक बोट, मग दुसरं बोट.

"फोन केलास ना त्याला?"

"केला."

"तुझ्या बापाच्या जागी बसलास म्हणून बाप झालास का माझा? बावीस वर्षं हे वर्कशॉप मी ओढलं. तू शाळेत होतास. धाकटी हातात स्पॅनर धरून या बाकावर झोपायची. कुठली शाळा नाही की कोर्स नाही, इंजिनाची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली मी, एकेका पानाला एकेक आठवडा."

"मला माहितेय आई."

"मग का?"

तो म्हणाला, "तू तिकडे जाऊ नकोस. ऐक माझं."

"का, ते सांग."

"नाही सांगता येत."

म्हणजे काय? वाटा द्यायचं जिवावर आलंय हे तोंडाने म्हणवत नाही, एवढंच. मी म्हटलं, "बहिणीचं तोंड बंद ठेवलंस, आईचे पाय बांधलेस, आणखी काय पाहिजे तुला?" वर येऊन बसले. बसवेना म्हणून सगळे काचेचे पेले धुतले. दोनदा.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरकडे स्वतः गेले. दवाखान्यात. बाहेर गाल धरून बसलेले चार जण, मी पाचवी. नंबर आला तशी खुर्चीत जाऊन बसले. तो म्हणाला, "कुठला दात?" मी म्हटलं, "दात नाही, बोट." तिथेच बोट चालवायचा परवाना दाखवला, अजून चालू आहे. डोळे तपासल्याचा कागद दाखवला. म्हटलं, "माझ्या मुलाची संमती पाहिजे असेल तर त्यालाच विका."

विकली.

जाताना म्हणतो, "वरची एक दाढ मात्र दाखवून घ्या, आजी." इतका वाईट माणूस नसेलही तो. पण इंजिन तापवून ठेवलं ते विसरणार नाही.

शुक्रवार, २२ मार्च

बोट पहारेकऱ्याच्या शेडमध्येच ठेवलीय, ट्रेलरवर. आमच्या वर्कशॉपची पायरी मी तिला दाखवणार नाही. हत्यारं पिशवीत घालून रोज नेते-आणते.

आज शिळं पेट्रोल काढलं, झडप मोकळी केली, प्लग बदलले. पाणी खेचणारं रबरी चक्र काढलं तर त्याची तीन पाती तुटलेली. नवं घातलं. ते नसतं बघितलं तर तळ्याच्या मधोमध इंजिन उकळलं असतं. बसल्या जागेवरून वाकताना जीव जातो, पण हात विसरलेले नाहीत. पहारेकरी म्हणाला, "वहिनी, तुम्ही इंजिनाशी बोलता." मी म्हटलं, "घरी कोण बोलतंय?"

शनिवार, २३ मार्च

धाकटीला फोन केला. बोट घेतल्याचं सांगायचं होतं. "कामात आहे आई, नंतर करते." हॉटेलांच्या चादरी धुतात त्या कारखान्यात असते ती. मागे यंत्रांचा आवाज नेहमी असतो. आज नव्हता. सुट्टी असेल, झोपेत असेल.

नंतर काही आला नाही.

मागे एकदा तीन बस बदलून गेले होते तिच्याकडे. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आत्ता तर होती." तासभर पायरीवर बसले, शेवटची बस चुकेल म्हणून उठले. त्या सकाळी मी निघताना थोरल्याने पाहिलं होतं. त्यानेच फोन करून काहीतरी भरवलं असणार तिच्या मनात. दुसरं कोण आहे?

बुधवार, २७ मार्च

चालकाच्या बाकाखालचं कुजकं लाकूड काढलं. हाताने चुरा होत होता, ओल्या पावासारखा. नवी फळी बसवून वर फायबर दिलं. तो वास नाकातून जात नाही. सून म्हणाली, "आई, जेवायला तरी तो अंगरखा काढा." काढला नाही. थोरला समोर होता.

तो आता माझ्या ताटात न विचारता वाढतो. तेही टोचतं.

शनिवार, ३० मार्च

थोरला पलीकडे जाऊन आला. सकाळी गेला, दुपारी परत. मी खिडकीत बसून त्याची बोट ठिपका होईपर्यंत पाहिली. संध्याकाळी विचारलं, "भेटली का ती?"

"हो."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"माझी आठवण काढली?"

बूट काढायला खाली वाकला तो वर यायलाच तयार नाही. एका नाडीला किती वेळ लागतो?

सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. तिला म्हटलं, "तू तरी माणसासारखी बोल. हा काय खेळ चाललाय?" ती म्हणाली, "आई, यांना काही विचारू नका हो. यांचाही जीव टांगणीला लागलाय. वन्संनीच..."

"वन्संनीच काय?"

"काही नाही. दूध उतू जातंय." दूध गॅसवर नव्हतंच.

दोघं मिळालेले आहेत. नवऱ्याची तळी उचलायची तर निदान धड उचल. "वन्संनीच" म्हणे. म्हणजे सगळा दोष त्या एकट्या पडलेल्या पोरीवर ढकलायचा.

सोमवार, १ एप्रिल

झोप लागत नव्हती म्हणून पहाटेच उठून बसलेय. धाकटीबद्दल वहीत कधी लिहिलेलं नाही, ते लिहिते.

तिचं लग्न टिकलं नाही. एकदा ती आली होती, संध्याकाळची, एक पिशवी घेऊन. म्हणाली, "मी आता जाणार नाही तिकडे." मी जेवू घातलं. अंथरूण घातलं. सकाळी समजूत काढली. नवरा-बायकोत व्हायचंच. मी तुझ्या बाबांशी आठ-आठ दिवस बोलत नसे. तिने दंड दाखवला नाही, मी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्याबरोबर गेले, तिच्या नवऱ्याच्या दारापर्यंत. पिशवी मी धरली होती. भल्यासाठीच. सगळ्या आया तेव्हा हेच करत होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी ती आपली आपण सुटली आणि तळ्यापलीकडे गेली.

त्यावर आमचं बोलणं झालेलं नाही. समोर बसले की बोलेन. म्हणूनच जायचंय. माझी चूक झाली असं म्हणायचं असलं तर ते फोनवर नाही म्हणता येत.

आणि हा मला जाऊ देत नाही.

बुधवार, ३ एप्रिल

बोट पाण्यात उतरवली. पहारेकऱ्याने ट्रेलर मागे घेतला, मी बोटीत, चाकामागे. थंड इंजिन, दुसऱ्या झटक्यात सुरू. काठाकाठाने एक फेरी मारली. मग काठ सोडला आणि जरा रेटलं. नाक वर उठलं, मग ती पाण्यावर सपाट बसली आणि निघाली. उभ्या आयुष्यात मी पडाव आणि मालाच्या होड्याच दुरुस्त केल्या. ह्या पळणाऱ्या बोटी दुसऱ्यांच्या. टोपी उडाली. जाऊ दे टोपी.

परत येऊन ट्रेलरवर घेतली, तळातलं बूच काढलं, आतलं पाणी वाहू दिलं. आमच्या वर्कशॉपचा नियम हा, यांनी घातलेला: बूच काढलं की किल्लीला बांधायचं. म्हणजे बूच लावल्याशिवाय किल्ली फिरत नाही आणि कोणी बिनबुचाची बोट पाण्यात लोटत नाही. बांधलं. किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीतल्या खिळ्याला.

शनिवारी जाणार. वारा नाही म्हणतात.

शुक्रवार, ५ एप्रिल

किल्ली आहे. बूच नाही.

दोरी कापलेली नाही, गाठ सोडवलेली आहे. आमची गाठ. ती सोडवता येणारी या गावात दोनच माणसं, त्यातली एक मी.

पहारेकरी खाली बघून म्हणाला, "काल आले होते. म्हणाले, आईने मागवलंय." त्याला तरी काय बोलणार?

घरी येऊन मी थोरल्यापुढे हात पसरला. तो म्हणाला, "नाही देणार."

"मी बुडावं असं वाटतं तुला?"

"बूच नसलं की तू पाण्यात जाणारच नाहीस. म्हणून तर तेच घेतलं."

एवढा शहाणा. मी म्हटलं, "मग माझं मेलेलं तोंडच ने तिला दाखवायला." असं बोलायला नको होतं. सुनेच्या हातातून चमचा पडला. थोरल्याचा चेहरा चुन्यासारखा झाला, खिशात हात गेला. मला वाटलं काढतो बाहेर. नाही काढलं. म्हणाला, "आई, मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

उठून गेला.

शब्द! कोणा गिऱ्हाइकाला दिला असेल, वर्कशॉप विकायचा. आता कशाचंच नवल वाटत नाही. आजपासून हा माझा कोणी नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन विरघळायला नको.

शनिवार, ६ एप्रिल, सकाळ

दुकानात त्या मापाचं बूच नाही. मागवावं लागेल, आठ दिवस. लेथ असतं तर दहा मिनिटांत पितळेचं काढलं असतं. विकलं कशासाठी, तर या बोटीसाठी. हसू आलं, एकटीच हसले.

मग पहारेकऱ्याच्या शेडमधून कठीण लाकडाचा एक जुना दांडा मागून घेतला आणि सुरीने तासत बसले. निमुळतं करायचं, भोकात दोन तृतीयांश जाईल इतकं. वर मेण चोळलेली सुती पट्टी गुंडाळायची आणि लाकडी हातोडीने हळू ठोकायचं. पाण्यात गेलं की लाकूड फुगतं आणि आपोआप घट्ट होतं. हे पुस्तकात नाही, पडावांवर शिकले. दोन तास गेले. अंगठा कापला. पहारेकरी म्हणाला, "वहिनी, थोडं थांबा, उद्या जा." मी म्हटलं, "उद्यापर्यंत हा दुसरं काहीतरी काढून नेईल."

काठाशी वीस मिनिटं तरंगत ठेवली. आत एक थेंब नाही.

निघतेय. वही पिशवीत. तिच्यासाठी लोकरीचा मफलर, केक, आणि तिचा लहानपणीचा एक फोटो, बाकावर झोपलेली असतानाचा. थोरल्याला काही सांगितलेलं नाही. त्याला कळेल तेव्हा मी तिच्या टेबलाशी बसलेली असेन.

रविवार, ७ एप्रिल

काल लिहवलं नाही.

धाकटीने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही. एक हात दारावरच. बारीक झालीय. म्हणाली, "दादाला मीच सांगितलं होतं, आईला आणू नकोस. आणि मी सांगितलं हेही तिला सांगू नकोस, तिला सोसणार नाही. तीन वर्षं पाळलं त्याने." मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." पिशवी घेतली नाही. दार हळूच लावलं, आपटलं नाही.

परत आले तर धक्क्यावर थोरला उभा, किती वेळचा कोण जाणे. दोर फेकला तो त्याने झेलला. बोट बांधून झाल्यावर म्हणाला, "पायऱ्या ओल्या आहेत आई. हात धर."

धरला.